पिक्चर शुक्रवारी लागतो, गेम शुक्रवारी बनत नाही

पिक्चरवर काढलेला गेम म्हटलं की गेम खेळणारा कोणताही पोट्टा आधी नाक मुरडतो आणि मग विचारतो, फुकट आहे का. फुकट असला तर डाउनलोड करतो, दोन दिवस खेळतो आणि फोनमधली जागा भरली की सगळ्यात आधी तोच उडवतो. चाळीस वर्षांत या प्रकारानं कमावलेली इज्जत ती एवढी. उगाच बदनामी झाली असंही नाही, यातले बहुतेक गेम खरंच भंगार असतात. पण ते भंगार काहून असतात याची जी कारणं लोकं देतात ती मला काही पटत नाहीत.

एक कारण असं देतात की स्टोरी आधीच माहीत असते, मग खेळण्यात मजा काय. अहो, आमच्या नागपूरच्या कस्तुरचंद पार्कला रावण दरवर्षी जळतो, तो शेवटी वाचणार नाहीये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी पार्किंगला जागा मिळत नाही. दुसरं कारण, हे गेम बनवणारे आळशी किंवा बिनडोक असतात. हे तर सरळसरळ खोटं आहे, कारण ज्याच्या नावानं जगातला सगळ्यात वाईट गेम लावला जातो तो माणूस त्याच्या काळातल्या उत्तम प्रोग्रामरपैकी एक होता.

माझं म्हणणं असं आहे की पिक्चरचा गेम बिघडतो तो तारखेमुळे. तो गेम खेळणाऱ्यासाठी बनतच नाही, शुक्रवारसाठी बनतो. तारखेचा पट्टा गळ्यातून काढला, आणि पिक्चरमध्ये हिरोनं काय केलं हे दाखवत बसण्यापेक्षा हिरो झाल्यावर खेळणाऱ्याच्या हातांना काय करायला मिळेल हे आधी ठरवलं, तर त्याच पिक्चरमधून झकास गेम निघतात. निघालेले आहेत, आणि एकदोन नाहीत.

सुरुवात 'ई. टी.'पासूनच करावी लागते, कारण सगळे तिथूनच करतात आणि अर्धवट सांगतात. १९८२ च्या जूनमध्ये स्पीलबर्गचा पिक्चर आला, तुफान चालला, जुलै संपता संपता अटारी या अमेरिकन गेम कंपनीनं गेमचे हक्क घेतले, त्यासाठी दोन-अडीच कोटी डॉलर मोजले म्हणतात. आणि गेम पाहिजे ख्रिसमसला. कारखान्यात कॅसेटी छापून दुकानात पोचवायला लागणारा वेळ वजा केला तर गेम लिहिणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉच्या हातात उरले पाच आठवडे. त्या काळात असा गेम करायला पाच-सहा महिने आरामात लागायचे. याच माणसानं त्याच वर्षी आलेला 'यार्स रिव्हेंज' लिहिला होता, जो अटारीच्या घरगुती गेम मशीनवरचा एक उत्कृष्ट गेम मानला जातो. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'चा गेमही त्याचाच. म्हणजे डोकं तेच, हात तेच, मशीन तेच, फक्त पाच आठवडे वेगळे. निघालं काय, तर बिचारा ई. टी. सतत खड्ड्यात पडतो, मान लांबवून कसाबसा वर येतो आणि परत पडतो. लाखो कॅसेटी पडून राहिल्या, १९८३ मध्ये बाकीच्या न खपलेल्या मालासोबत त्यातल्या बऱ्याच न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या, आणि २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून काढून म्युझियममध्ये ठेवल्या. अटारीला १९८३ साली पन्नास कोटी डॉलरच्या वर खड्डा पडला. तो एकट्या ई. टी.मुळे पडला असं सांगतात ते चूक आहे, बाजारात तेव्हा रद्दी गेमचा महापूर होता आणि अटारीनं 'पॅकमॅन'च्याही ढिगानं जास्तीच्या कॅसेटी छापून ठेवल्या होत्या. पण शिव्या खायला एक चेहरा लागतो. वॉरशॉ पुढं मानसोपचाराच्या धंद्यात गेला, हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

आता कंपन्या मूर्ख होत्या का? नाही ना. त्यांचा हिशोब एकदम पक्का होता. पिक्चरचा गेम विकत घेणारा आणि खेळणारा ही दोन वेगळी माणसं असतात. घेणारी आई असते, काका असतो, बर्थडेला जाता जाता दुकानात शिरलेली आत्या असते. तिला आतला गेम कसा आहे हे कळायला काही मार्ग नाही, तिला डब्यावरचं चित्र कळतं. पोट्ट्याला तो पिक्चर आवडला होता ना, झालं, दे पॅक करून. मग कंपनीनं आतल्या मालावर पैसा कशाला घालायचा? आपल्याकडे तर बर्डीवर फूटपाथवर मिळणाऱ्या सीडीवर चित्रही नसायचं, मार्करनं नुसतं पिक्चरचं नाव लिहिलेलं, तेही स्पेलिंग आपल्या मनानं, आणि तेवढ्या नावावर ती सीडी विकली जायची.

याचं एक उदाहरण आमच्या पिढीनं बोटं दुखेस्तोवर भोगलंय. 'लायन किंग'. १९९४ चा पिक्चर, त्याच वर्षाअखेर गेम, आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी ज्याच्या घरी कॉम्प्युटर आला त्याच्याकडे हा गेम असायचाच. पहिली लेव्हल मस्त, लहानसा सिंबा किडे-सरड्यांवर उड्या मारतो, रंग तर काय सुंदर. आणि दुसरी लेव्हल? माकडं. ती सिंबाला एकमेकांकडे फेकतात, कोणत्या माकडावर आधी गुरगुरायचं म्हणजे त्याचं तोंड फिरेल आणि मग ते आपल्याला बरोबर दिशेला फेकेल हे गणित, मधे शहामृगावर बसून पळायचं, त्यात एकदा वाकायचं, एकदा उडी, एकदा उडीत उडी, आणि एक चुकलं की पुन्हा सगळं. नागपूरच्या नंदनवन भागात माझ्या मावसभावाकडे आम्ही पाळीपाळीनं कीबोर्ड घेऊन बसायचो, कोणाचं 'मेलो बे' आधी येतं यावर पैज, आणि मोठा सिंबा कसा दिसतो हे आमच्यातल्या कोणीच कधी पाहिलं नाही. आम्हाला वाटायचं आपणच ढ आहोत. पुढं कित्येक वर्षांनी तो गेम बनवणाऱ्या वेस्टवुडच्या लुईस कॅसलनंच सांगून टाकलं की दुसरी लेव्हल मुद्दाम अवघड केली होती, डिस्नीच्या सांगण्यावरून. कारण अमेरिकेत तेव्हा दुकानातून गेम दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं मिळायचे, आणि पोरानं शनिवार-रविवारात गेम संपवला तर आईबाप विकत कशाला घेतील? म्हणजे अमेरिकेतल्या भाड्याच्या दुकानाची शिक्षा नागपूरच्या पोट्ट्यांनी भोगली. यात गेम चांगला करणं-न करणं हा प्रश्नच कुठं आला, सगळा निर्णय काउंटरवर झालेला.

आणि तरी सांगतो, चित्रं त्या काळात बघत राहावी अशी होती. त्याच्या आदल्या वर्षी सेगाच्या गेम मशीनवर आलेल्या 'अलादीन'साठी तर डिस्नीच्या स्वतःच्या ॲनिमेटर लोकांनी चित्रं काढली होती. तो गेम आला तोवर पिक्चर लागून वर्ष झालं होतं, आणि तो आजही खेळायला बसलं तर उठवत नाही. एकच कंपनी पिक्चरवर इतकी मेहनत करते आणि गेममध्ये माकडं सोडते, म्हणून मी म्हणतो की कौशल्य नसतं असं नाही, हेतू वेगळा असतो.

आता कोणी म्हणेल, काय बे, 'स्पायडरमॅन २' तर पिक्चरसोबतच आला होता, २००४ च्या जूनअखेरीस, आणि तो तर भारी होता. होता ना. पण कोणता? कारण त्या एका नावाचे दोन गेम होते. प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवरचा ट्रेयार्क स्टुडिओनं केलेला, आणि पीसीवरचा दुसऱ्याच कोणीतरी केलेला, डब्यावर चित्र साधारण सारखंच. प्लेस्टेशनवाल्यात जाळं फेकलं की ते खऱ्या बिल्डिंगला जाऊन चिकटायचं, बिल्डिंग नसेल तर चिकटायचं नाही, बागेत गेलात तर मुकाट्यानं पायी चाला. झोका कुठं सोडायचा यावर वेग ठरायचा, उशिरा सोडला तर वर, लवकर सोडला तर लांब, आणि अर्धा तास असं मॅनहॅटनभर नुसतं लोंबकळत फिरलं तरी कंटाळा नाही. पीसीवाल्यात ठरावीक जागा नेमून दिलेल्या, तिथं क्लिक करा, जाळं चिकटेल, बाकी कुठं नाही. आणि आपल्याकडे खेळले कोण? सगळे पीसीवाले. सायबर कॅफेत ताशी पैसे भरून आपण तो बालवाडीतला स्पायडरमॅन खेळलो आणि नेटवर लोकं याला महान गेम काहून म्हणून राहिले असं डोकं खाजवत बसलो.

प्लेस्टेशनचा चांगला का निघाला तर ट्रेयार्कनं पहिल्या पिक्चरचाही गेम २००२ मध्ये केला होता, त्यामुळे त्यांच्याकडे पाया तयार होता, आणि झोक्याची कल्पना त्यांच्यातल्या एका डिझायनरच्या, जेमी फ्रिस्ट्रमच्या, डोक्यात पहिल्या गेमपासूनच घोळत होती. आणि बघा, त्या गेममध्ये कंटाळवाणं काय आहे? जे पिक्चरमधून उचललंय ते. डॉक्टर ऑक्टोपसचे सीन, मधले संवाद, सगळं पटकन उरकून टाकावंसं वाटतं, कारण बाहेर शहर वाट पाहत असतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते झोका घेणं आणि वेळेत पिझ्झा पोचवणं. पिझ्झाचा प्रसंग पिक्चरमध्ये काही मिनिटांचा आहे, पण हातांना काम देणारा तोच, म्हणून गेममध्ये तो मोठा झाला.

'गोल्डनआय'चं तर काय बोलायचं. बाँडपट आला नोव्हेंबर १९९५ ला, गेम आला ऑगस्ट १९९७ ला, म्हणजे पावणेदोन वर्षं उशिरा, पुढचा बाँडपट तोंडावर आलेला. आजच्या कोणत्याही मार्केटिंगवाल्याला विचारा, तो म्हणेल मेला प्रोजेक्ट. तो गेम ऐंशी लाखांच्या आसपास खपला. रेअर कंपनीतली ती टीम बहुतेक नवख्यांची होती, मार्टिन हॉलिस त्यांचा म्होरक्या, आणि त्यांनी पिक्चरच्या सेटवर जाऊन फोटो काढून आणले, मग त्या जागा आधी बिल्डिंग म्हणून उभ्या केल्या आणि त्यात खेळणाऱ्यानं काय करायचं हे नंतर ठरवलं. त्यामुळे काही खोल्यांना काहीच अर्थ नाही, रिकाम्याच आहेत, आणि म्हणूनच ती जागा खरी वाटते. चार जणांनी एकाच टीव्हीवर एकमेकांना गोळ्या घालायचा जो भाग जगानं डोक्यावर घेतला तो तर अगदी शेवटी शेवटी घुसवलेला. तारीख पाळायची असती तर तो भाग आलाच नसता. हा गेम ज्या मशीनवर चालायचा तो निंटेंडो ६४ आपल्याकडे तेव्हा फारसा कोणाकडे नव्हता, मी हा गेम खूप नंतर एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर खेळलो, बंदूक नेम धरताना आता चमत्कारिक वाटते, पण पहिल्या लेव्हलच्या धरणावरून खाली उडी मारताना पोटात गोळा येतोच.

बरं, तारीख एवढीच भानगड आहे असं मी म्हणत नाही. 'एलियन' पिक्चरमालिकेवरचा 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' बघा. वर्षानुवर्षं रखडत रखडत २०१३ मध्ये आला आणि रद्दी निघाला. एलियन समोरून यायचे आणि भांबावल्यासारखे इकडंतिकडं करायचे. काही वर्षांनी एका हौशी माणसाला त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त सापडलं, ते काढल्यावर एलियन बऱ्यापैकी अंगावर यायला लागले. एक अक्षर! अख्ख्या स्टुडिओत कोणालाच ते दिसलं नाही, कारण काम किती हातांतून फिरलं असेल आणि मनापासून कोणाचं होतं देव जाणे. त्याच्याच पुढच्या वर्षी आला 'एलियन: आयसोलेशन', १९७९ च्या पहिल्या पिक्चरवर बेतलेला, म्हणजे पस्तीस वर्षं जुन्या पिक्चरवर. बनवणारे कोण, तर युद्धाच्या स्ट्रॅटेजी गेमसाठी प्रसिद्ध असलेले क्रिएटिव्ह असेंब्लीवाले. पिक्चरवाल्या फॉक्स कंपनीनं मूळ पिक्चरचं तीन टेराबाइट सामान त्यांच्यापुढं ओतलं, चित्रं, सेटचे फोटो, आवाज, सगळं. आणि त्यांनी काय ठरवलं, तर अख्ख्या अंतराळ स्थानकात मुख्य भीती एकाच एलियनची, आणि तो मारता येत नाही. बास. तुम्ही कपाटात लपा, श्वास रोखा, हातातलं यंत्र टिकटिक करतं ते त्यालाही ऐकू जातं. पहिल्या पिक्चरमधली खरी गोष्ट हीच होती ना, कथानक नव्हे, लपणं. ती त्यांना सापडली.

आणखी एक जोडी मला फार आवडते. पोलंडचा टेयॉन नावाचा स्टुडिओ आहे. २०१४ मध्ये त्यांनी 'रँबो'चा गेम काढला, इतका टाकाऊ की लोकांनी हसून हसून लेख लिहिले. पिक्चरचे सीन जसेच्या तसे, आणि आपण फक्त नेम धरून गोळ्या घालायच्या. त्याच स्टुडिओनं २०२३ मध्ये 'रोबोकॉप: रोग सिटी' काढला, १९८७ च्या पिक्चरच्या दुनियेतला. त्यात रोबोकॉप धावत नाही. जड जड पावलं टाकत जातो, गोळ्या झेलत जातो, आणि दोन मारामाऱ्यांच्या मधे चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांची चलानं फाडतो, ठाण्यात बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो. धरमपेठेत ड्यूटी लावली तर गुंडांकडे जायला त्याला वेळच मिळणार नाही. पण त्या चलानात त्या पिक्चरचा सगळा तिरकसपणा आलाय, की शेवटी हा एक सरकारी नोकर आहे. स्टुडिओ तोच, मधे नऊ वर्षं गेली आणि प्रश्न बदलला. आधी त्यांनी विचारलं होतं की रँबोच्या पिक्चरमध्ये काय झालं, आता विचारलं की रोबोकॉप असणं म्हणजे काय.

तर मग आता आपल्याकडचं. आपल्याकडे हिंदी पिक्चरचे गेम झाले, बरेच झाले, आणि कोणाच्या लक्षातही नाहीत. २००८ च्या 'गजनी'वर हैदराबादच्या एफएक्सलॅब्सनं पीसी गेम काढला. आता विचार करा, हिरोची आठवण पंधरा मिनिटांत पुसली जाते, अंगावर गोंदून ठेवतो, फोटोंच्या मागं लिहून ठेवतो, यापेक्षा गेमसाठी जास्त तयार माल कोणत्या पिक्चरमध्ये सापडेल? दर पंधरा मिनिटांनी नकाशा पुसला जातोय, काय लिहून ठेवायचं हे तुम्हीच ठरवायचं, आणि तुम्हीच लिहिलेलं चुकीचं निघालं तर? हाती आली ती मुख्यतः हाणामारी. २०११ ला 'रा.वन' आला, पिक्चरच मुळी व्हिडिओ गेमबद्दल, त्याचाही प्लेस्टेशनवर गेम आला, आणि गेमवरच्या पिक्चरचा गेम म्हणून तरी लक्षात राहायला पाहिजे होता, तर तोही नाही. 'डॉन २'चा गेम प्लेस्टेशन २ वर आला २०१३ मध्ये, पिक्चर येऊन वर्षाच्या वर झालेलं, म्हणजे तारखेतून सुटका झाली पण हातांना काय द्यायचं हा विचार राहूनच गेला.

'धूम ३' चा मोबाइल गेम २०१३ च्या डिसेंबरात आला, उडुपीच्या नाइन्टीनाइन गेम्सनं केलेला. बाईक आपोआप पळते, आपण बोटानं डावी-उजवी करायची, टेम्पल रनचाच भाऊ. कोटीच्या वर लोकांनी डाउनलोड केला आणि माझ्या ओळखीत आज त्याची एकाला आठवण नाही. त्यात चोरी कुठाय? पिक्चर चोरीचा आहे ना! बँक कशी फोडायची, पळायचा रस्ता आधी कसा आखायचा, हे काही नाही, नुसतं पळा. पण हेच उडुपीवाले पुढच्याच वर्षी 'स्टार शेफ' घेऊन आले, स्वतःचा, कोणत्या पिक्चरचा नाही, आणि तो वर्षानुवर्षं जगभरात चालला. आता सांगा, कौशल्याचा दोष कसा म्हणायचा?

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर प्रतापनगरात या. माझा एक मित्र तिथं दोन खोल्यांत गेमचा स्टुडिओ चालवतो, चार पोट्टे आहेत, सगळे इथल्याच कॉलेजातले, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम करतात, लोकांची छोटीमोठी कामं घेऊन पगार निघतो. मागं त्याला मुंबईहून एका प्रॉडक्शनवाल्यांचा फोन आला, ऐतिहासिक मराठी पिक्चर आहे, गेम पाहिजे. मी तिथंच बसलो होतो, त्यानं फोन स्पीकरवर टाकला. समोरचा माणूस अगदी गोड बोलत होता. हिरोचा चेहरा पाहिजे, घोडा पाहिजे, तलवार पाहिजे, मागं टायटल साँग पाहिजे, आणि ट्रेलरच्या दिवशी लाइव्ह पाहिजे. ट्रेलर कधी? महिना-सव्वा महिना. मित्रानं विचारलं, "सर, पण यात खेळणारा करेल काय?" तो म्हणाला, "लढेल ना." "लढेल म्हणजे नेमकं काय करेल?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "टॅप करेल ना सर."

टॅप करेल. चार पोट्टे खुर्च्यांवर तोंड दाबून हसत होते पण मला काही हसू आलं नाही, कारण तो माणूस त्याच्या जागी चूक नव्हता. त्याच्याकडे प्रमोशनचं बजेट होतं, त्यातून होर्डिंग, रील, एफएमवरची जाहिरात आणि एक गेम असं बसवायचं होतं. पिक्चर लागल्यावर तिसऱ्या सोमवारी त्या गेमचं काय होतं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही, तेव्हा होर्डिंगही उतरलेलं असतं. मित्रानं काम नाकारलं. नाकारणं परवडलं कारण हातात दुसरं काम होतं, नाहीतर घेतलंच असतं, आणि मग कोणीतरी कमेंटमध्ये लिहिलं असतं की मराठी पोरांना गेम बनवता येत नाही.

आता यावर जो आक्षेप येतो तो मी टाळणार नाही. प्रमोशनचा पैसा हाच तर पैसा आहे, तो नसेल तर कोण देणार? आपल्याकडे गेमला कर्ज देणारी बँक नाही, २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी येईपर्यंत गुंतवणूकदार पत्त्यांच्या आणि क्रिकेटच्या ॲपमागं पळत होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी 'राजी' हा स्वतःचा गेम बनवला तेव्हा किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमले नाहीत, संस्थापकाला राहता फ्लॅट विकावा लागला, तेव्हा कुठं २०२० मध्ये तो निंटेंडो स्विचवर आला. फ्लॅट विकून गेम करा असा सल्ला मी कोणाच्या पोराला देणार नाही. पण प्रमोशनच्या पैशातून गेम येतो हे म्हणणंही पूर्ण खरं नाही, त्यातून जाहिरात येते, जी गेमसारखी दिसते. तिकडं हॉलिवूडमध्येही साधारण २०१० नंतर पिक्चरसोबत येणारे मोठे गेम आटत गेले, कारण चांगला गेम करायला चार-पाच वर्षं आणि अवाढव्य पैसा लागायला लागला आणि पिक्चर त्यासाठी थांबेना. जाहिरातीचं काम मोबाइलवर सरकलं, आणि मोठ्या स्टुडिओंनी पिक्चरची कथा सोडून नुसती दुनिया भाड्यानं घ्यायला सुरुवात केली. 'हॉगवर्ट्स लेगसी' २०२३ मध्ये आला, त्यात हॅरी पॉटरच नाही, गोष्ट त्याच्या जन्माच्या नव्वदेक वर्षं आधीची, आणि पहिल्याच वर्षात दोन कोटींच्या वर खपला.

आपल्याकडे दुनियांची कमी आहे का? गेल्या काही वर्षांत शिवकाळावर इतके मराठी पिक्चर आले, प्रत्येकात तलवार, घोडा, आग. पावनखिंडीचाच प्रसंग घ्या, २०२२ मध्ये त्यावर पिक्चर येऊन गेला. गेम म्हणून त्या प्रसंगाकडे बघितलं तर अंगावर काटा येतो, कारण त्यात जिंकायचं नाहीच आहे, टिकायचंय. महाराज विशाळगडावर पोचले की तोफांचे बार होणार, ते ऐकू येईपर्यंत खिंड धरायची, आणि तोफ कधी वाजणार हे खेळणाऱ्याला माहीत नाही. माणसं कमी होत जातात, कोणाला पुढं ठेवायचं, कोणाला मागं, दगड कधी सोडायचे, खिंड किती मागं सरकू द्यायची. स्क्रीनवर घड्याळ नाही, फक्त कान. असा गेम जगात कोणीही खेळेल, मराठी येत असो नसो. आणि सव्वा महिन्यात टॅप करायचा गेम काढला तर त्यात काय होईल? बाजीप्रभू पडले की स्क्रीनवर बटण येईल, 'तीस सेकंदांची जाहिरात बघा आणि पुन्हा उभे राहा'. हे मी गमतीनं म्हणत नाही, फुकट गेमचा धंदाच या बटणावर चालतो. पिक्चरमधल्या एका संवादावरून भांडायला उठणारे आपण, हे बटण बघून कोणाला काही वाटेल की नाही मला शंका आहे, कारण गेममध्ये काय होतं हे बघायला कोणी मोठं माणूस बसलेलंच नसतं.

तसंच 'झुंड'. आपल्या नागपुरातला पिक्चर, इथंच शूट झालेला, विजय बारसे सरांच्या स्लम सॉकरवरून घेतलेला. झोपडपट्टीमागच्या उकिरड्यावर पावसात फुटबॉल, मैदान सपाट नाही, गोलपोस्ट म्हणून काहीही, भिंतीपलीकडे बॉल गेला तर आणायला कोण जाणार. परदेशातले गुळगुळीत हिरवे मैदान असलेले फुटबॉलचे गेम दरवर्षी येतात, हा कुठंच नाही. चार पोट्ट्यांच्या स्टुडिओला झेपेल एवढाच आहे हा गेम, घाई नसेल तर.

म्हणून पैशाचा प्रश्न सरकारकडे जातो. राज्यानं २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेसाठी वेगळं धोरण मंजूर केलंय, चांगलंच आहे. त्यात माझी मागणी एवढीच की पिक्चरवरच्या गेमला पैसा द्यायचा असेल तर तो पिक्चर लागून निदान वर्षभरानं येणाऱ्या गेमला द्या, हक्क पिक्चरच्या दुनियेचे असू द्या, कथेचे नको, आणि बनवणाऱ्या स्टुडिओला विक्रीत वाटा असला पाहिजे, नुसतं ठोक काम नाही. निर्माते ओरडतील की वर्षानं पिक्चर कोणाला आठवतो. मग त्यांनी होर्डिंग लावावं, त्याला सरकारी पैसा कशाला पाहिजे? चित्रपटाच्या अनुदानाला दर्जा तपासणारी समिती असते, गेमसाठीही ठेवा, फक्त त्यात निदान दोन माणसं अशी घ्या ज्यांनी आयुष्यात एखादा गेम शेवटपर्यंत खेळलाय. आणि हा सगळा पैसा मुंबई-पुण्यातच जिरणार नाही हेही बघा, प्रतापनगरातही लाइट आहे, इंटरनेट आहे आणि उन्हाळ्यात कूलरसमोर बसून काम करायची आमच्या पोट्ट्यांची तयारी आहे. नाहीतर अजून वीस वर्षांनी सिंचनाच्या अनुशेषासोबत विदर्भाचा गेमचा अनुशेष मोजायला आणखी एक समिती नेमावी लागेल आणि तिचाही अहवाल नागपूरच्या अधिवेशनात पटलावर ठेवतील.